बाकावर वाचायची सोळा पाने

केशव गेल्याचे मला जयसिंगपुरात, बँकेत माझ्या टेबलाशी कळले. सांगणारे गृहस्थ कोल्हापूरचे गुळाचे व्यापारी होते. आमच्या शाखेत त्यांचे येणेजाणे होते, आणि मंगळवार पेठेतल्या केशवच्या वाचनालयाचे ते जुने वर्गणीदार. मी त्यांच्या चेकवर सही करत होतो. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "शनवारी केशवरावांस्नी पोचवून आलो, साहेब. तुमी दिसला न्हाईसा." माझा हात सहीच्या मध्यावर थांबला. त्या शनिवारी मी जयसिंगपुरातच होतो, रेल्वेने जेमतेम तासाच्या अंतरावर. शाखेत तपासनीस आले होते म्हणून सुट्टीलाही कोल्हापूरला घरी गेलो नव्हतो. व्यापारी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आले असावे. "तुमास्नी म्हाईतच न्हाय व्हय..." एवढे बोलून त्यांनी चेक माझ्यापुढून हळूच ओढून घेतला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. माझ्या पायाशी पिशवी होती. त्या पिशवीत केशवच्या वाचनालयाची एक कादंबरी होती. तिची शेवटची सोळा पाने तिच्यात नव्हती.

ही सोळा पाने कुठे होती आणि ती मी का आणली नव्हती, हे सांगायचे तर केशवविषयी आधी सांगावे लागेल.

आम्ही एका वर्गात होतो. पापाच्या तिकटीजवळच्या एका रद्दीच्या दुकानात त्याला एकदा अद्भुत कादंबरीचे एक पुस्तक मिळाले. मुखपृष्ठ नव्हते आणि शेवटही नव्हता. डोंगराच्या पोटातल्या एका राज्यात तीन भाऊ अडकतात, आणि नेमके वाट सापडण्याच्या बेताला पुस्तक संपून जाते. ते आम्ही रंकाळ्याच्या कठड्यावर बसून आळीपाळीने मोठ्याने वाचले. त्यानंतर किती तरी महिने शाळा सुटली की आमचा एकच उद्योग असे : आज शेवट काय करायचा. माझे शेवट नीटनेटके असत. भाऊ घरी पोचत, आईला भेटत, राजा त्यांना बक्षीस देई. केशवच्या शेवटात कोणीही घरी पोचत नसे. एक दार उघडले की आत दुसरे दार निघायचे. मी कंटाळून म्हणत असे, "अरे, पण संपव ना." तो म्हणायचा, "संपवलं की उद्या काय करायचं?"

पुढे मी बँकेत लागलो आणि केशव एका छापखान्यात बांधणीच्या कामाला लागला. एकोणीसशे साठच्या आसपास त्याने ते काम सोडले आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत 'कुतूहल वाचनालय' काढले. चरित्रे, काव्यसंग्रह असले काही तो ठेवत नसे. रहस्यकथा, साहसकथा आणि अद्भुत कादंबऱ्या, बस्स. ओळखीच्या शिष्ट माणसांनी नाके मुरडली. मीही त्याला एकदा दबक्या आवाजात सुचवले होते की, चार बरी पुस्तकेही ठेवावीत. तो चिडला नाही. "बरी पुस्तकं लोक ठेवायला नेतात, माधव. ही वाचायला नेतात," एवढेच म्हणाला.

वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. इतर ठिकाणी अशा फळ्यावर नवी आलेली पुस्तके लिहितात. केशवच्या फळ्यावर मात्र वर खडूने मोठ्या अक्षरात एकच शब्द कायमचा असे : येणार. पुण्याहून प्रकाशकांची जाहिरातीची कार्डे येत. त्यावरून तो आगामी कादंबऱ्यांची नावे फळ्यावर लिही आणि प्रत्येकीपुढे स्वतःच्या मनाची एक ओळ जोडी. 'अंजनखोऱ्याची राणी : यातले एक दार फक्त आतून दिसते.' 'बंद खाणीतला दिवा : दिवा कोण लावतो ते विचारू नका.' पुस्तक त्याने पाहिलेलेही नसे. नुसत्या नावावरून ही ओळ निघे. कादंबरी एस.टी.च्या पार्सलाने येऊन पहिल्या वाचकाच्या हातातून परत आली, म्हणजे ती खरोखर फिरू लागली, की मगच तो तिचे नाव फडक्याने पुसत असे. तोवर जाणारे-येणारे सायकल थांबवून फळा वाचत. एका कादंबरीची लोक जेवढी वाट पाहत तेवढी त्यांनी जावयाचीही पाहिली नसेल.

त्या वाट पाहणाऱ्यांत शामराव पैलवान अग्रभागी असत. तालमीतली कारकीर्द संपवून ते दुधाचा धंदा करत होते. कान कुस्तीत चुरगळून गेलेले, आवाज आखाड्यातला, आणि आवड राण्या-राक्षसांच्या कादंबऱ्यांची. 'अंजनखोऱ्याची राणी' वाचून ते तणतणत आले होते, तेव्हा मी तिथेच होतो.

"केशवराव, दार कुठं हाय?"

"कसलं दार?"

"आतनंच दिसतंय म्हणून फळ्यावर लिवलंयसा की. सगळं पुस्तक उलथंपालथं केलं. खिडकीसुदीक न्हाय त्यात."

केशवने मान वर न करता सांगितले, "लेखक विसरला असेल, पैलवान. तुम्ही घालून घ्या."

पैलवान म्हणाले, "घातलंय मी. पर लेखकानं घालाय नको व्हय?"

सोळा पानांची प्रथा पडली ती मात्र एका खोडसाळपणातून. वाचनालयाच्या कोणा वर्गणीदाराने एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर, शिक्क्याच्या खाली, पेन्सिलीने लिहून ठेवले : 'खुनी धाकटा दीर.' पुस्तक चार घरी फिरून झाल्यावर ते उघडकीला आले. एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तक टेबलावर आपटले आणि पुन्हा पायरी चढल्या नाहीत. मग तसलीच अक्षरे दुसऱ्या पुस्तकात निघाली, तिसऱ्यात निघाली. कोण ते शेवटपर्यंत कळले नाही. रहस्यकथांच्या वाचनालयातले तेवढे एक रहस्य उलगडायचे राहिले, असे केशव हसत म्हणायचा, पण त्या दिवसांत तो जेवला नव्हता, हे त्याच्या पत्नीने, इंदिरावहिनींनी, मला सांगितले होते.

नवे पुस्तक आले की ते उसवून, जाड पुठ्ठ्यात नव्याने शिवून मगच वाचकाला द्यायचे, अशी त्याची जुनी रीत होती. पुस्तके सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी शिवलेली असतात. अशा एका जुडीला छापखान्यात फॉर्मा म्हणतात. केशवने आता प्रत्येक रहस्यकथेचा शेवटचा फॉर्मा पुस्तकाबाहेरच ठेवायला सुरुवात केली. त्याला निळ्या कागदाचे वेगळे वेष्टन घालून तो टेबलाच्या खणात ठेवी. वाचकाने उरलेले पुस्तक घरी न्यावे, वाचावे, आणि शेवट वाचनालयातल्या लाकडी बाकावर बसून वाचावा. पुस्तक वाक्याच्या मध्येच तुटायचे. लोकांनी आठवडाभर शिव्या दिल्या, आणि मग त्यांना त्याची चटक लागली. एक नियम होता. फॉर्मा हातात देण्याआधी केशव विचारी, "कोण?" वाचकाने आपला संशय ज्याच्यावर आहे त्याचे नाव सांगायचे. केशव होय म्हणत नसे, नाही म्हणत नसे. वाचणारा वाचू लागला की तो पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या भांड्यात ब्रश ढवळत बसे. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या त्या खळीचा वास मला अजून येतो. त्याचे लक्ष मात्र खळीवर नसे. नाव ज्या पानावर उघड होते ते पान त्याला पाठ असे, आणि वाचणाऱ्याचे बोट त्या पानावर आले की तो चष्म्यावरून हळूच त्याचा चेहरा पाही. मग चहा यायचा. शेवटाविषयी एक अक्षर बोलायचे नाही, बाकी जगातले सगळे बोलायचे, असा बाकाचा शिरस्ता होता.

या नियमाला एकच अपवाद होता, तो म्हणजे मी. मला केशव पूर्ण पुस्तक देत असे. "तू घरचा. तुला काय अडवायचं?" म्हणायचा. मला त्याचा अभिमान वाटे. रविवारी मी जाई, उभ्या उभ्या फळा वाची, पुस्तक पिशवीत टाकी आणि निघे. इंदिरावहिनी गेल्या तेव्हाही मी बारा दिवस नित्यनेमाने गेलो, आणि तेराव्या दिवसापासून पुन्हा उभ्या उभ्या पुस्तक घेऊन निघू लागलो. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यानंतर वाचनालय दुपारीही उघडे राहू लागले, हे मला दिसत होते. मला वाटले, धंदा वाढला. आता विचार करतो तेव्हा जाणवते की, ज्यांना शेवट हवा होता त्यांना केशवपाशी बसावे लागत होते. मला शेवट घरपोच मिळत होता...

पुढे घरोघरी टीव्ही आला. संध्याकाळी बाकावर बसणारे कमी झाले. फळ्यावरच्या नावांमधले अंतर वाढले, कारण प्रकाशकांची कार्डेच कमी येऊ लागली. तरी 'येणार'खाली एखादे नाव असेच. मी एकदा विचारले, "कार्ड आलं नाही तर काय लिहिशील?" तो म्हणाला, "आलं नाही असं अजून झालेलं नाही." आवाजात गंमत नव्हती. मी घड्याळ पाहिले आणि निघालो.

आमची अखेरची भेट थंडी सरत आलेल्या एका रविवारी झाली. 'पितळी चेहऱ्याचा पाहुणा' ही कादंबरी आली होती. फळ्यावर तिच्यापुढे त्याने लिहिले होते : 'पाहुणा ओळखीचा आहे.' पुस्तक हातात घेतले तर ते नेहमीपेक्षा हलके लागले. मी मागून उघडून पाहिले.

"अरे, फॉर्मा राहिला."

"राहिला नाही. ठेवलाय."

"माझ्यासाठी पण?"

"तुझ्यासाठीच. या वेळी इथं येऊन वाच. आधी सांगायचं, कोण ते. किती वर्षं झाली तुझ्याकडनं एखादा शेवट ऐकून."

"या वयात मला बाकावर बसवतोस काय?"

"पैलवान बसतात. तुझं वजन काय त्यांच्याहून जास्त आहे?"

मी हसलो. पण खरे सांगायचे तर मनात कुठे तरी बारीकसे दुखावलेही गेले होते. इतक्या वर्षांचा मान त्याने काढून घेतला, असे मला वाटले. गाडीची वेळ झाली होती. "पुढच्या रविवारी येतो," मी म्हणालो. "ये. घाई नाही," तो म्हणाला. "प्रत एकच आहे. तू आणलीस की मग बाकीच्यांना फिरवतो." एरवी तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा. त्या दिवशी टेबलाला हात धरून उठला आणि उभाच राहिला. हे मी पाहिले होते. पाहिले आणि पाहून सोडून दिले.

पुस्तक मी गाडीतच वाचायला घेतले आणि दोन दिवसांत संपवले. 'त्याने त्या पितळी मुखवट्याला हात घातला आणि' एवढ्यावर ते तुटले. माझा संशय एका माणसावर पक्का बसला होता, आणि केशवला नाव सांगताना त्याचा चेहरा कसा होईल, याची मला लहान मुलासारखी उत्सुकता लागली होती. तरीही पुढच्या रविवारी मी गेलो नाही. मुलीला पाहायला मंडळी येणार होती. त्याच्या पुढच्या रविवारी सर्दी होती. मग तपासणीची तयारी... ही कारणे खोटी नव्हती. पण त्यांच्या मागे तो बारीकसा दुखावलेपणाही होता. बोलावले आहे, तर थोडे थांबवू या, असे काहीसे. मला वाटते, आयुष्यात प्रथमच मी केशवला वाट पाहायला लावत होतो, आणि वाट पाहण्यात त्याला आनंद असतो, अशी सोयीस्कर समजूत मी करून घेतली होती.

बातमी कळल्यानंतरच्या रविवारी मी पुस्तक घेऊन गेलो. दार उघडे होते. केशवचा पुतण्या बिद्रीहून आला होता. तिथल्या साखर कारखान्याच्या कचेरीत तो काम करतो. सुतळीने पुस्तकांचे गठ्ठे बांधत होता. बाकावर शामराव पैलवान एकटेच बसले होते. दाराशी फळा तसाच होता, आणि 'येणार'खाली केशवच्या अक्षरात एकच नाव होते : 'पितळी चेहऱ्याचा पाहुणा.'

"या," पैलवान म्हणाले आणि सरकून जागा केली. "आणलंसा पुस्तक?"

"आणलंय."

"माझा लंबर व्हता तुमच्यामागं. रोज इचारायचो. केशवराव म्हणायचं, माधव येतोय की, त्याचा शेवट हुंद्या, मग तुमी न्ह्या." त्यांनी टेबलाकडे पाहिले. "दर आयतवारी सकाळी फॉर्मा खणातनं काढून हितं भाईर ठेवायचं. सांजच्याला परत आत."

मी पिशवीतून पुस्तक काढले. ते पुढे म्हणाले, "दवाखान्यात चला म्हणून किती येळा म्हटलं. छातीत कळ आली की जिभंखाली गोळी धरायचं आणि परत खळ ढवळाय बसायचं."

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं, पैलवान."

"तुमी बसतच न्हवता. सांगणार कवा?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरे वाटले असते. पुतण्याने गठ्ठ्याची गाठ मारता मारता आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली.

पैलवान उठले. टेबलाचा खण ओढून त्यांनी निळ्या वेष्टनातला फॉर्मा काढला. मी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.

"आदी सांगा. कोण?"

मी नाव सांगायला तोंड उघडले, तोच ते घाईने म्हणाले, "थांबा, थांबा. मला नगं. मी वाचलं न्हाय अजून." फॉर्मा बगलेत धरून त्यांनी आपले ते चुरगळलेले कान दोन्ही पंजांनी गच्च झाकून घेतले, भिंतीकडे तोंड केले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "त्यास्नी सांगा."

समोर केशवची खुर्ची होती. टेबलावर खळीचे भांडे होते, आतली खळ वाळून तिला भेगा पडल्या होत्या. त्या खुर्चीला मी नाव सांगितले. माझा आवाज इतका लहान निघाला की, कान झाकण्याची काही गरज नव्हती. पुतण्या उठून आतल्या खोलीत गेला.

मग मी बाकावर बसून ती सोळा पाने वाचली. अक्षरे सावकाश पुढे सरकत होती. नाव उघड होण्याच्या पानावर आलो, वाचले, आणि मान आपोआप वर झाली. माझा अंदाज साफ चुकला होता. इतका चुकला होता की, केशव चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला असता. बाकाचा शिरस्ता म्हणून खरे नाव मी येथेही लिहीत नाही.

निघताना मी फडके घेऊन फळ्याशी गेलो. पहिल्या वाचकाकडून पुस्तक परत आले होते, तेव्हा नाव पुसायला हवे होते. मागून पैलवान म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. माझं यायचं हाय अजून." मी फडके खाली ठेवले आणि पुस्तक त्यांच्या हाती दिले. ती खोली महिनाअखेर रिकामी व्हायची होती. म्हणून फॉर्मा मी माझ्याकडे घेतला आणि म्हणालो, "वाचून झालं की रविवारी माझ्या घरी या. शेवट तिथं वाचा." ते म्हणाले, "येतो की."

त्यानंतर काही रविवार गेले. खोलीला आता दुसरे कुलूप आहे. फळा पुतण्याने बिद्रीला नेला की त्याचे काय झाले, ते मी विचारले नाही. तपासनीस आले तरी मी सुट्टीला घरी येऊ लागलो आहे. व्हरांड्यात भिंतीलगत एक बाक आणून ठेवला आहे. त्यावर अजून कोणी बसलेले नाही. पैलवानांच्या म्हशी आजारी आहेत, असे एकदा कानावर आले. पुस्तक सावकाश वाचत असतील, असेही असेल. फाटकाचे कडीकोयंडे वाजले की मी उठून पाहतो. बहुधा पेपरवाला असतो. पत्नी आतून विचारते, "कोणी यायचंय का?" आणि मी होय म्हणतो.

हे लिहितो आहे तेव्हा सकाळ आहे, आणि रविवार आहे. निळ्या वेष्टनातला फॉर्मा मी खणातून काढून टेबलावर ठेवला आहे. संध्याकाळी तो परत आत ठेवीन. पैलवान आले, तर आधी विचारायचे आहे, कोण...